भरीत

पुस्तकात पाठ होता: एक काडी मोडते, मोळी मोडत नाही.
म्हणून कपाशीच्या वाळल्या काड्या घेऊन मी गेले
चोपड्याच्या आमच्या पत्र्याच्या मंदिरात,
सुतळीनं आवळल्या, वर धरल्या,
म्हटलं, बघा मुलांनो, ही आपली मंडळी.
अब्नेर बारेलानं मंडळी गुडघ्यावर घेतली
आणि कडाड्.
"बाई, मोळी बी मोडस."

पुढच्या रविवारी लोकरीचा गुंडा.
याच्या हातून त्याच्या हाती, जाळं व्हायचं होतं.
मनश्शेचा पाय, सलोमीची वेणी, बाकाचा वर आलेला खिळा
यांची अशी गाठ बसली
की पाळकबाईंनी शेवटी कात्रीच आणली.

मोठ्यांच्या कमिटीतही त्या महिन्यात तेच चाललेलं.
प्रथमफळांच्या लिलावाचे बाराशे रुपये,
पावती आहे, पावती नाही,
आणि दाविद मास्तर उठले ते
दाराशी चपला घालायलाही थांबले नाहीत,
हातात घेऊन गेले.
तबिथा अर्धी बाकावर, अर्धी उंबऱ्यात.
मग तीही गेली. चप्पल घालून, सावकाश.

तिसऱ्या रविवारी मी पुस्तक घरी ठेवलं.
म्हटलं, एकेक वांगं आणा, भरताचं.
सकाळी थंडी होती. पोरं स्वेटरात वांगी लपवून आली,
हिरवी, पांढरट, लहान मुलाच्या डोक्याएवढी.
बाभळीच्या काट्यानं ज्यानं त्यानं आपलं नाव कोरलं,
अक्षरं आधी ओली, मग तपकिरी झाली.
सलोमीनं पिशवीतून दुसरं काढलं,
बारकं, देठाशी किडीचं भोक असलेलं.
"तबिथानं दिधं. कुंपणावरतून."
तिचं नाव मीच कोरलं. 'थि' नीट जमला नाही.

मोडलेल्या मोळीच्या काड्या वाया गेल्या नाहीत.
अंगणात जाळ केला, वांगी टाकली,
सालं फुगली, फुटली, रस चुरचुरला,
अब्नेर राखेत खुपसून खुपसून विचारू लागला,
"मन्हं कोनतं? मन्हं कोनतं?"
मी एकेक सोलत गेले. बोटं पोळली.
सालाबरोबर नावं निघाली, काळी, कुरकुरीत,
हातात चुरा झाली.
"नाव ते जळी गयं!" मनश्शे रडायच्या बेतात.

मग बडगीत घालून ठेचलं सगळं.
मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात,
वरून पाळकबाईंनी ओतलेलं कडकडीत तेल.
आता मी बोलणार होते.
वाक्य तयार होतं, वचनही पाठ होतं,
पण भाकरीचे तुकडे आधीच बडगीत शिरले होते
आणि भरल्या तोंडांना धडा कोण देणार?

अब्नेरनंच हात आखडला.
बडगीत बघत म्हणाला,
"तबिथानं वांगं बी यामा शे ना?
मंग तिना वाटा?"

भाकरीसाठी आणलेल्या डब्याचं झाकण त्यानं उलटं केलं,
त्यात ढीग घातला, लागला त्यापेक्षा जास्त,
आणि चालू लागला, तसाच अनवाणी,
मागे सलोमी, मागे मनश्शे तेल पुसत पुसत.
मी नाही गेले. मी कमिटीत होते.
पावतीच्या बाजूनं हातही वर केला होता मी.

तिथं काय झालं ते तिघांनी तीन तऱ्हांनी सांगितलं.
मास्तर ओट्यावर होते. मास्तर आत होते.
मास्तरांनी खाल्लं. नाही, फक्त वास घेतला.
मास्तर म्हणाले, मीठ कमी आहे.
यावर मात्र तिघांचंही एकमत.

पुढच्या रविवारी मंदिराच्या दारात
ते झाकण, घासलेलं, लख्ख.
कोणी आणून ठेवलं, कोणी पाहिलं नाही.
रिकामं भांडं परत करायचं नसतं,
म्हणून त्यात सात हिरव्या मिरच्या
आणि कागदाच्या पुडीत
खडे मीठ.

मी हजेरीबुक उघडलं.
पाठाचा विषय: वांगी.
तबिथाच्या नावापुढे काय लिहावं कळेना,
हजर नव्हती, गैरहजर म्हणवेना.
पेन हातात धरून बसले
तोवर अब्नेरनं एक मिरची
कचकन चावली होती.